पॅस्कोची तोफ

व्हर्न पॅस्कोला आमच्या टॅम्बो खोऱ्यात व्हर्न म्हणून हाक मारणारी माणसं दोनच. एक त्याची बायको नोरीन आणि दुसरा दवाखान्यातला डॉक्टर. बाकी सगळ्यांना तो 'तोफ'. नाव पडलं ते त्याच्या रायफलीवरून. थ्री-थर्टी-एट मॅग्नम. ती उडाली की समोरच्या डोंगरावरचे काकाकुवे उठतात आणि थर्मासमधला चहा हिंदकळतो, असं लोक सांगत. चहाचं खोटं आहे, काकाकुव्यांचं खरं.

रस्ते सपाट करायचं ग्रेडर चालवण्यात त्याचा जन्म गेला. माणूस असा आडमाप की दारातून येताना आधी खांदा आत येई. असल्या देहाला बारकी रायफल शोभत नाही, असं तरुणपणी कोणी तरी गुत्त्यात म्हणालं आणि याने ते ब्रह्मवाक्य मानलं. दुसऱ्याच आठवड्यात तोफ घरी आली. तेव्हापासून सांबराच्या शिकारीत त्याचा शब्द वजनदार झाला. कोणी हलक्या काडतुसाचं कौतुक करू लागलं की व्हर्न नुसता हसायचा. त्या हसण्यानेच समोरच्याची रायफल खेळण्यातली ठरायची.

आता खरं सांगायचं तर व्हर्नला आपल्या रायफलीची भीती वाटत असे. पहिल्या दिवसापासून. ती खांद्यावर लाथ मारी आणि ती लाथ येणार हे त्याच्या अंगाला आधीच कळे. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटत, मान आखडे, नळी खाली झुके. गोळी सुटायच्या आधी माणूसच सुटायचा. तरी इतकी वर्षं निभावलं, कारण एवढी मोठी गोळी जवळून कुठेही लागली तरी जनावर बसतं, आणि चुकली तर मध्ये फांदी आली म्हणायला आमच्याकडे फांद्यांना तोटा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण वाळा कोणी वाजवून पाहिला नव्हता.

क्लॅरी ट्रँटर या म्हाताऱ्याची टोळी होती, तिच्यात व्हर्न शिकारीला जाई. क्लॅरीची कुत्री रानातून सांबर उठवत, माणसं ठरलेल्या नाक्यांवर उभी राहत. सगळ्यात मानाचा नाका म्हणजे नदीचा दगडी उतार, जनावरं नदी ओलांडतात ती जागा. तो नेहमी तोफेचा. टोळीचे नियम थोडे, पण कडक. रक्त दिसलं की ते एकट्याचं नाही, सगळ्यांचं. हातातलं टाकून सगळ्यांनी यायचं, आणि जनावर सापडेपर्यंत घरी जायचं नाही. माग काढताना शेवटचं रक्त दिसेल तिथे एकाने उभं राहायचं, म्हणजे माग हरवला तर परत कुठे यायचं ते कळतं. हाक येईपर्यंत त्याने पाय हलवायचा नाही. हे काम टोळीत जो सगळ्यात नवा असेल त्याचं.

गेल्या मोसमात, शरद संपत आला असताना, एक मादी दगडी उतारावर आली. कुत्री मागे लांब होती, ती घाईत नव्हती. पाण्याकाठी थांबून तिने कान फिरवले. व्हर्नने दुर्बिणीतून खांद्यामागची जागा धरली, आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती पाण्यात शिरत होती आणि तिचा खालचा जबडा लोंबत होता. दगडांवर रक्त पडलं होतं, ताजं, लालभडक. व्हर्नने दुसरी गोळी भरली नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो मादीचा नव्हे. आता सगळे इथे येतील, इतक्या जवळून तोफ तोंडाला कशी लागली असं विचारतील, हा विचार आला. त्याने बुटाने वाळू ओढली आणि रक्तावर लोटली. मग वॉकीटॉकीवर सांगितलं की चुकली, फांदी आडवी आली.

मादी पाण्यातूनच खाली गेली. खालच्या वळणावर ग्वेंडा हॅलोरन उभी होती. शाळेची बस चालवते ती. नवरा मर्व्ह या टोळीत होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ही येऊ लागली, त्याचीच सेव्हन-ओ-एट घेऊन. सांबरासाठी कायद्याला चालणारं सगळ्यात मवाळ काडतूस तेच. त्याच्याहून फार बारकं काही आणलंत तर वनखात्याचा माणूस रायफल घेऊन जाईल. ग्वेंडाला पलीकडच्या काठाच्या झुडपांतून पळती पाठ दिसली, तिने एक गोळी झाडली आणि चुकली. तसं तिने सांगितलं. काठावर सगळ्यांनी पाहिलं, रक्त नव्हतं. पाण्यात काय दिसणार? संध्याकाळी पाऊस आला.

पुढच्या आठवड्यात क्लॅरीच्या बिडी नावाच्या कुत्रीला ती मादी सापडली. जिवंत होती. जबडा तुटलेला, तोंड सडलेलं, चरता येत नव्हतं म्हणून बरगड्या निघालेल्या. क्लॅरीने गोळी घालून तिला सोडवलं आणि रविवारी न्याहारीच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. सांगताना तो कोणाकडेही बघत नव्हता.

त्या दिवशी त्या मादीवर दोनच गोळ्या झडल्या होत्या. डॅरेल नावाचा एक तोंडाळ गडी टोळीत आहे, त्याने उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, "तोफ लागली असती तर नुसता जबडा कशाला तुटेल? डोकं पुढच्या गावात सापडलं असतं."

लोक हसले. मग ते हसणं ग्वेंडाच्या चेहऱ्यावर जाऊन थांबलं. ती म्हणाली, "माझीच असणार मग."

व्हर्नच्या तोंडात अंड्याचं सँडविच होतं. त्याने ते चावलं, गिळलं, वर चहा घेतला. बोलायला तोंड मोकळं झालं तेव्हा विषय पुढे गेला होता. निदान त्याने स्वतःची अशी समजूत घातली. पुढच्या खेपेपासून क्लॅरी ग्वेंडाला वरच्या कड्यावर उभी करू लागला, जिथे सांबर सोडाच, ससाही येत नाही. ग्वेंडाने का ते विचारलंही नाही.

त्या हिवाळ्यात व्हर्नचा खांदा धरला. हात वर करून शर्ट घालता येईना. डॉक्टरने खांदा दाबून पाहिला, जुन्या मारांनी आतलं सगळं झिजलंय म्हणाला, आणि तोफ विकून टाक असं हसत हसत सांगितलं. व्हर्नही हसला. घरी येताना गाडीत त्याला असं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारण मिळालं होतं.

पण कारण मिळालं तरी तोंड कुठे होतं? इथे दोघा-तिघांनी हलकी रायफल घ्यायचं ठरवलं तर त्यांना बायकांच्या रांगेत बसवलं होतं, आणि बसवणारा हाच. तो बेर्न्सडेल शहरात गेला, ओळखीचं दुकान टाळून दुसऱ्या दुकानात शिरला, आणि बायकोसाठी काही तरी मऊ धक्क्याचं दाखवा म्हणाला. दुकानदार बोलका निघाला. धक्का कमी म्हणजे मार कमी असं नाही, म्हणाला. जनावर लाथेने मरत नाही, जागेवर लागण्याने मरतं, आणि जागेवर कोणाची लागते, तर ज्याला रायफलीची भीती वाटत नाही त्याची. सेव्हन-ओ-एट घ्या. बाईंना घेऊन या, दस्ता त्यांच्या मापाचा करून देतो. लायसन्स मात्र त्यांच्याच नावाचं लागेल.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, तशातली गत झाली. दुकानदाराची मेहुणी आमच्या पोस्टात काम करते. आठवडा संपायच्या आत लोक नोरीनला थांबवून अभिनंदन करू लागले. रात्री जेवताना नोरीनने बटाटे वाढले आणि म्हणाली, "मी शिकार करणार आहे म्हणे. मला कोणी सांगितलं नाही ते."

व्हर्नने ताटात बघत खांद्याचं सांगितलं.

"मग सरळ खांदा म्हण ना. मला कशाला पुढे करतोस?"

दुसऱ्याला पुढे करायची सवय लागली की ती सुटत नाही. पण हे नोरीनला ठाऊक नव्हतं आणि तिने आणखी वाढायला घेतलं.

मोसम उघडायच्या आधीच्या आठवड्यात ग्वेंडा त्याच्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेले गरम स्कोनचे छोटे पाव होते. बरीच वाळली होती. आत बसली, चहा घेतला, नोरीनशी बसच्या ब्रेकबद्दल बोलली आणि मग व्हर्नकडे वळली. तिने मर्व्हची रायफल काढून टाकायचं ठरवलं होतं. ती मादी तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही म्हणाली. बस चालवताना काठाने एखादं सांबर दिसलं की आधी त्याचं तोंड बघते. पुन्हा असलं पाप नको. एक तर शिकार सोडायची, नाही तर अशी रायफल घ्यायची की जे लागेल ते बसलंच पाहिजे.

"नोरीनला हलकी हवीये असं ऐकलं. माझी घे, तुझी तोफ मला दे. आणि ती मारायची कशी ते शिकव."

नोरीन नवऱ्याकडे बघत राहिली. मग ग्वेंडाच्या कपात आणखी चहा ओतला, नवऱ्याची अब्रू राखली तिने.

आणि व्हर्न? त्याला हवं ते सगळं स्कोनच्या फडक्यात बांधून दारात आलं होतं. तोफ जाणार, मऊ रायफल येणार, वर लोक म्हणणार की तोफेने विधवेला आपली रायफल दिली. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती, ती अजून थुंकायची नव्हती. तो म्हणाला, शनिवारी क्लॅरीच्या खाणीत ये, आधी चालवून बघ. कागदपत्रं मग करू.

मला वाटतं, मादीच्या रक्तावर वाळू लोटली तेव्हा तो घाबरला होता. माणूस घाबरला की काहीही करतो, ते एक वेळ समजतं. पण या 'ये' ला माफी नाही.

क्लॅरीच्या शेतामागे एक जुनी खडीची खाण आहे, तिथे आम्ही निशाणं लावतो. शनिवारी ग्वेंडा आली. व्हर्नने तिच्या खांद्यावर तोफेचा दस्ता नीट बसवला, दुर्बिणीपासून डोळा लांब ठेव म्हणून सांगितलं. पण ती तोफ तिच्या मापाची नव्हती. पहिल्याच गोळीला दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर आली. तिने रायफल खाली ठेवली, रुमाल भुवईला धरला आणि हसली. असंच असतं ना सुरुवातीला, असं विचारलं.

मग त्याने तिची सेव्हन-ओ-एट घेतली. काहीच झालं नाही. म्हणजे, आवाज झाला, खांद्याला कोणीतरी थोपटल्यासारखं झालं, आणि कागदावर मधोमध भोक पडलं. पुन्हा एक. पुन्हा तिथेच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सोपं होतं. इतकी वर्षं एवढं सोपं होतं, आणि याने ते हसून हसून बायकापोरांचं करून टाकलं होतं.

ग्वेंडा म्हणाली, आता तू तोफ मारून दाखव, मी बघते. तू कसा उभा राहतोस, श्वास कुठे धरतोस, ते मला शिकायचंय. मी भरून देते. तिने पाठ फिरवून काडतूस भरलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. व्हर्नने दस्ता दुखऱ्या खांद्याला लावला, कागद दुर्बिणीत धरला आणि चाप ओढला.

नुसतं 'टक' झालं.

धक्का नव्हता, धूर नव्हता, त्यामुळे लपायला काही उरलं नाही. नळी जमिनीकडे गेलेली, मान खांद्यात रुतलेली, डोळे घट्ट मिटलेले, मार खाणाऱ्या पोरासारखा साठीपुढचा माणूस तिथे उभा होता. डोळे उघडले तेव्हा ग्वेंडा समोर होती.

ती पटकन म्हणाली की रिकामं काडतूस होतं, मर्व्ह तिला असंच शिकवायचा, म्हणजे हात किती स्थिर आहे ते दिसतं. तिला त्याचा हात बघायचा होता, बाकी काही नाही. मग तिने नजर वळवली. लाज त्याला वाटायला हवी, आणि अवघडली ती.

"खांदा फार दुखत असणार," ती म्हणाली. "मी उगाच आग्रह केला."

तिच्या भुवईतून अजून टिपकत होतं. दोन-चार थेंब तिच्या पायाजवळ खडीवर पडले होते. क्लॅरीची गुरं इथून जातात, रक्ताच्या वासाने बुजतात, म्हणून तिने बोलता बोलता बुटाने थोडी माती त्यांच्यावर लोटली. हे आपण सगळेच करतो, त्यात काही नाही.

व्हर्न त्या बुटाकडे बघत राहिला. मग दगडावर बसला.

"खांदा गेल्या वर्षी दुखत नव्हता," तो म्हणाला. "ती मादी माझी होती, ग्वेंडा. उतारावर रक्त पडलं होतं. मी ते असंच झाकलं."

तिने रुमाल भुवईवरून काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. त्याला वाटलं ती ओरडेल. त्याला तेच हवं होतं खरं तर. शिवी खाल्ली की माणूस निम्मा सुटतो.

"जबडा लोंबत होता? तू बघितलंस?"

"बघितलं."

"आणि मग मी म्हटलं, माझीच असणार. तू समोर बसला होतास."

"हो."

"खात होतास काही तरी."

तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. तिला सँडविचही आठवत होतं.

तिने आपली रायफल उचलली, बोल्ट उघडून आत बघितलं, पिशवीत घातली. गाडीपर्यंत गेली आणि थांबली.

"मला सांगितलंस ते तुझ्यासाठी सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्यावरचा डाग धुवायचा असेल तर कुत्र्यांपुढे सांग."

मोसम उघडतो त्या सकाळी टोळी क्लॅरीच्या आवारात जमते. कुत्री पिंजऱ्यातून सुटायच्या आधी क्लॅरी नाके वाटतो. त्या वेळी जे बोललं जातं ते कुत्र्यांपुढे बोललं, असं आम्ही म्हणतो, आणि ते मागे घेता येत नाही. दवाने गवत पांढरं झालं होतं, कुत्री दाराला नखं मारत होती. ग्वेंडा तिच्या गाडीला टेकून उभी होती, भुवईवर पट्टी.

क्लॅरीने दगडी उतार म्हटलं आणि सवयीने तोफेकडे पाहिलं. व्हर्न म्हणाला, उतार ग्वेंडाला द्या, मी कड्यावर जातो. लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि डॅरेल म्हणाला, "बघा, मोठ्या रायफलीचं मन पण मोठं."

एवढ्यावरही भागलं असतं. ग्वेंडाला उतार मिळाला असता आणि याला कौतुक. व्हर्नने ग्वेंडाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, ती कुत्र्यांकडे बघत होती.

मग त्याने सांगितलं. जबडा, रक्त, वाळू. मध्ये डॅरेलने काही तरी विचारलं, तर त्याने डोळे मिटतात तेही सांगितलं, पहिल्यापासून मिटतात, खांद्याचा काही संबंध नाही. त्याचा आवाज मोठा आहे, ग्रेडरवर ओरडून मोठा झालेला, पण त्या दिवशी मागच्यांना पुढे यावं लागलं.

कोणी हसलं नाही. क्लॅरीने पिंजऱ्यात हात घालून बिडीच्या गळ्यातला पट्टा उगाच घट्ट केला, सैल केला. त्या मादीला त्याने आपल्या हाताने सोडवलं होतं. मग म्हणाला, "उतार ग्वेंडाचा. पॅस्को, तू गाड्यांपाशी थांब. रायफल काढू नकोस."

'तोफ' म्हणून हाक मारली नाही. 'व्हर्न' म्हणूनही नाही.

सगळे गेल्यावर व्हर्न रिकाम्या पिंजऱ्यांशेजारी बसून राहिला. घरी जाता आलं असतं. खालून कुत्र्यांचा आवाज कधी जवळ, कधी लांब येत होता. मग नदीच्या बाजूला एकच गोळी वाजली. कोरडी, छोटी. एकही काकाकुवा उठला नाही.

वॉकीटॉकी खरखरला. ग्वेंडाचा आवाज आला, नर होता, लागलाय, काठच्या झुडपांच्या जाळीत शिरला, रक्त आहे. क्लॅरी म्हणाला, सगळे उतारावर या. व्हर्न उठला आणि पुन्हा बसला. 'सगळे' यात आपण येतो का, हे त्याला ठरवता येईना. थोड्या वेळाने वॉकीटॉकी परत खरखरला.

"पॅस्को, सगळे म्हटलं मी."

तो धापा टाकत उतारावर पोचला तेव्हा माणसं काठावर ओळीने उभी होती. जाळीच्या तोंडाशी, एका पांढऱ्या दगडावर, रक्त होतं. पुढे दाट होतं, काही दिसत नव्हतं. क्लॅरीने दगडाकडे काठी दाखवली.

"तू इथे उभा राहा."

नव्याचं काम. व्हर्न दगडापाशी जाऊन उभा राहिला. माणसं एकेक करून त्याच्या बाजूने जाळीत शिरली. ग्वेंडा सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने त्याच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं.

फार वेळ लागला नाही. जाळीतून आरोळी आली, सापडला, बरगडीमागून आरपार, जागेवर. डॅरेलचं हसू ऐकू आलं, कोणी ग्वेंडाला शाबासकी देत होतं, कुत्री भुंकून दमली आणि गप्प झाली. मग सुरी, दोर, पलीकडून ओढून न्यायचं की अलीकडून याची चर्चा, आणि आवाज हळूहळू पलीकडच्या वाटेने लांब गेले.

व्हर्नला हाक कोणी मारली नाही. विसरले की मुद्दाम, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. नदीवरून वारा सुटला होता, खांदा ठणकत होता. दगडावरचं रक्त काळं पडत चाललं होतं आणि त्याच्या बुटांशी चांगली मऊ वाळू होती.

त्याने पाय जुळवून घेतले, आणि तो हलला नाही.